सगळं खुशाल हाय

चहा घ्या, आणि आधी एक कबूल करा. माझं सांगून होईपर्यंत कुणी हसायचं नाही. गेली कित्येक वर्षं ही गोष्ट मी स्वतःहून कुणाला सांगितलेली नाही, दुसऱ्यांनीच सांगितली आणि दर वेळी त्यात नवा मीठमसाला घातला. म्हणून आज जे खरं घडलं ते माझ्या तोंडून ऐका. फजिती म्हणजे किती मोठी? एका दिवसात मी माझी सख्खी, धडधाकट बहीण मारली आणि दिवस मावळायच्या आत स्वतःही मेलो. आणि हे सगळं एक अक्षर खोटं न बोलता!

त्या वेळी निजामाचं राज्य होतं. तिकडं कुठं तरी मोठी लढाई चालली होती आणि तिच्यापायी इकडं आमच्याकडं साखर मिळेनाशी झाली होती. पिंगळीजवळ आमचं गाव. घरी आई, वडील, मी, आणि त्या साली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली माझी थोरली बहीण गोदाक्का. मी वीस वर्षांचा. उर्दू शाळेत चार इयत्ता झालेल्या, म्हणजे गावाच्या मानानं विद्वानच. त्या विद्वत्तेचा पुढं काय उपयोग झाला ते बघालच.

नवरात्राच्या पाचव्या माळेला आक्का बाळंत झाली. मुलगा झाला. बाळ गुटगुटीत, बाळंतीण ठणठणीत. आता अशी बातमी सासरी कशी द्यायची? साखर घेऊन. भावानं साखरेची पुडी घेऊन जायचं, दारातच पहिल्यांदा हातावर साखर ठेवायची आणि मग तोंड उघडायचं. वडलांनी त्यासाठी दोन महिन्यांपासून पावशेर साखर गाडग्यात लपवून ठेवली होती आणि आम्ही गुळाचा चहा पीत होतो. तरीही त्या दिवशी मला कुणी पाठवलं नाही. कारण घट.

हे जरा नीट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते वाटणारच आहे, पण निदान कारण तरी कळावं. बाळ जन्मलं की बापाच्या घराला, आणि जिथं बाळंतपण होतं त्या घरालाही, दहा दिवस सोयर लागतं, देवाला हात लावता येत नाही. पण आमच्याकडची समजूत अशी की सोयर बाळ जन्मल्याबरोबर लागत नाही, बातमी कानावर पडल्यावर लागतं. जोवर ऐकलं नाही तोवर घर चोख. आणि आक्काच्या सासरी तर घट बसलेले. तिच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणायचो, नऊ दिवस उपवास करायच्या, अनवाणी राहायच्या आणि रोज स्वतःच्या हातानं माळ घालायच्या.

मागच्या नवरात्रात काय झालं होतं, की घटापुढचा नऊ दिवस तेवत ठेवायचा दिवा सातव्या माळेला विझला. त्या वेळी जवळ आक्का होती. झालं! तिथून पुढं वर्षभर त्या घरात दूध नासलं तरी दिवा निघायचा आणि शेळी आटली तरी दिवा निघायचा. आक्का माहेरी आली तेव्हा पहिल्याच दिवशी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती. आता ह्या साली तिच्याच बाळंतपणाच्या बातमीनं घट बाटले असते, तर तिला म्हातारी होईपर्यंत ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून वडलांनी ठरवलं की दसरा होऊ द्यायचा, घट उठू द्यायचे आणि मग साखर घेऊन जायचं. आमच्या घरचे घट आईनं आधीच विचार करून शेजारणीच्या घरी बसवले होते. आई हुशार होती. वडीलही हुशार होते. त्यांच्या पोटी मी कसा आलो ते देवीलाच ठाऊक.

सहाव्या माळेला आमच्या ढवळ्या बैलाच्या खुरात बाभळीचा काटा मोडला. हस्ताचा पाऊस होऊन गेलेला, रानाला वापसा आलेला, ज्वारीची पेरणी तोंडावर. आमची जमीन काळी. दोन-चार दिवस हातचे गेले की वरची ओल उडून जाते आणि मग पेरलेलं सगळं पाखरांच्या पोटात. एका बैलावर तिफण चालत नाही. आक्काच्या सासरी पवळ्या नावाचा जोड नसलेला तिसरा बैल होता. दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, पोळ्यालाच सांगितलं होतं की गरज पडली तर बिनधास्त घेऊन जा.

"तू जा," वडील मला म्हणाले. "बैल सोड आन घिऊन ये. दुसरं काई बोलत बसू नको."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण आई मागून आली. आपल्याला सोयर आहे, तेव्हा त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. कशाला शिवायचं नाही. तांब्या बाटतो, म्हणून पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि देवीचे दिवस आहेत, तेव्हा खोटं तर अजिबात बोलायचं नाही. मी विचारलं, आक्काचं विचारलं तर काय सांगू?

"सगळं खुशाल हाय म्हनावं," आई म्हणाली. "त्यात खोटं काय हाय?"

खोटं काहीच नव्हतं. तिथंच तर घात झाला.

सातव्या माळेला सकाळच्या गाडीनं मी पिंगळीहून निघालो. नवरात्र म्हणून पाय अनवाणी. नवरात्रात दाढी करायची नाही म्हणून गालावर सात दिवसांचे खुंट. डोक्याला तेवढा नवा कोरा पटका होता, पोळ्याला घेतलेला. पुढं एका पुलावर खाली पाणी किती आहे ते बघायला मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वाऱ्यानं पटका घेऊन गेला. डोकं बाहेर काढायची ही माझी जुनी खोड. आई त्यावरून नेहमी ओरडायची. पूर्णेला उतरलो तेव्हा बोडका होतो.

तिथून दोन कोस पायी. आता तुम्ही त्या गावच्या नजरेनं माझ्याकडं बघा. सोयऱ्याच्या गावात एकटा माणूस सकाळच्या पारी येतोय. पाय अनवाणी, दाढी वाढलेली, डोक्यावर पटका नाही, हातात पुडी नाही की पिशवी नाही. वाटेत आरसा असता तर मीच मला विचारलं असतं, कोण गेलं रे बाबा?

दाजींच्या घरासमोर लिंबाखाली सटवाजी आबा बसलेले होते. शेजारी, आडनाव वेगळं, पण घरोबा सख्ख्यासारखा. गावात कुणी गेलं की परगावच्या सोयऱ्यांना निरोप पोचवायचं काम ह्या आबांचं. आणि त्या कामाची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. गेलेल्याला गेला म्हणून कधी सांगायचं नाही. तब्येत जरा नरम आहे, घाबरायचं कारण नाही, पण चला, असंच सांगायचं. निरोप नेणारा त्या घरात शिरत नाही, टेकत नाही, तिथलं पाणी पीत नाही. आबांनी आयुष्यभर हेच केलेलं, त्यामुळं माणसाच्या चालीवरून त्यांना कळायचं.

"या पाव्हणं," आबा म्हणाले. मग त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "कसं काय समदं?"

"सगळं खुशाल हाय, आबा."

आबांनी चिलीम खाली ठेवली.

तेवढ्यात मावशी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. मी दोन पावलं मागं सरलो. त्या म्हणाल्या आत ये. मी म्हणालो हितंच बरं हाय. त्या म्हणाल्या पाणी तर घे. मी म्हणालो नगं. दोन कोस उन्हात चालून घशाला कोरड पडलेली, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि मी म्हणतोय नको! मावशी तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या. गोठ्यातून दाजी आले, हाताला पेंड लागलेली.

"गोदी कशी हाय?" मावशींनी विचारलं.

ह्या प्रश्नाची तयारी मी गाडीत बसून केली होती. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. आनंद तर मुळीच नाही. म्हणून मी नजर जमिनीला लावली, चेहरा दगडासारखा केला आणि म्हणालो, "खुशाल हाय."

"दिवस भरले असतील की तिचे."

आता काय बोलणार? खरं सांगायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. मी गप्प राहिलो. पण गप्प राहिल्यावर मला आतून हसू यायला लागलं. मामा झालो होतो हो मी! परवा त्या बाळानं माझं बोट धरलं होतं! हसू दाबायला मी ओठ दातात धरले तर ते थरथरायला लागले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मावशींच्या हातातला तांब्या खाली पडला.

"तू आलास कामून, ग्यानबा?" दाजींनी विचारलं. आवाज अगदी बारीक झालेला.

"बैल न्यायला आलोय, दाजी."

इथं सटवाजी आबा उठले. त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "किसन, अंगात सदरा घाल. जावं लागंल."

मी म्हणालो, अहो आबा, मी खरंच बैल न्यायला आलोय, आमच्या ढवळ्याच्या खुरात काटा मोडलाय. तर आबा मला म्हणाले, व्हय बाबा, मोडला असंल. तापलेल्या लेकराशी बोलतात ना, तसे. मग मावशींना बाजूला घेऊन सांगायला लागले, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, की निरोप्या खरं काम कधी सांगत नसतो. ते स्वतः एकदा मयताचा निरोप घेऊन गेले होते तेव्हा कडब्याचा भाव विचारायला आलो म्हणून सांगितलं होतं. पोरगं नवखं आहे, पण रीतीनं आलंय, म्हणाले. माझी तारीफच केली त्यांनी!

आणि मावशींनी हंबरडा फोडला. ज्या मावशींच्या नुसत्या खाकरण्यानं आक्काच्या हातातलं भांडं पडायचं, त्या मावशी अंगणात मातीत बसल्या आणि कपाळ बडवायला लागल्या.

"गोदे, दिवा तू न्हवता गं इझिवला," त्या रडत म्हणाल्या. "माझ्याच पदराचा वारा लागला हुता. सासू म्हनून सांगायची लाज वाटली गं मला. वरीसभर तुला बोलले गं माय."

 वर्षभर ज्या दिव्यापायी माझी बहीण झुरली, तो दिवा ह्यांनीच विझवला होता! मला राग यायला पाहिजे होता. यायलाही लागला होता. पण तेवढ्यात माझी नजर दाजींकडं गेली. ते पवळ्याजवळ जाऊन उभे राहिले होते. बैलाच्या मानेवर तोंड टेकवलं होतं आणि पाठ नुसती हलत होती. आवाज काहीच नाही. ते बघून मात्र माझा जीव तुटला. जाऊ दे ते घट, म्हटलं.

"दाजी, आक्का जित्ती हाय," मी ओरडलो. "पोरगा झालाय. दोघं बी खुशाल हायत."

 मावशींनी मान वर केली. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

"साखर कुठाय?" आबांनी विचारलं.

अहो, साखर गाडग्यात होती. मी घटाचं सांगितलं, सोयराचं सांगितलं, दसऱ्याचं सांगितलं. जितकं जास्त सांगितलं तितकं ते लबाडाच्या सारवासारवीसारखं वाटायला लागलं. पोरगा झाल्याची बातमी घेऊन कुणी बोडक्यानं येतं का? पोरगा झाल्यावर मामा रडतो का? आणि जित्ती हाय असं जित्या माणसाबद्दल कुणी म्हणतं का? आबांचं म्हणणं बिनतोड होतं. ते मावशींना हळूच म्हणाले, लेकरू तरी वाचलेलं दिसतंय.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हणालो, आबा, घट बाटू नयेत म्हणून मी एवढा वेळ गप्प होतो.

"घटाचं काय एवढं?" आबा म्हणाले. "माझी म्हातारी येऊन माळ घालंल. दुसऱ्या आडनावाला कुठं सोयर लागतंय?"

झालं! एवढंच होतं! ज्या घटासाठी मी तहानेनं मरायला टेकलो होतो, बहीण मारून बसलो होतो, त्या घटाचा बंदोबस्त त्यांनी चिमूटभर तंबाखू मळायच्या आत केला. आमच्या आईनं शेजारणीच्या घरी जे केलं तेच. हे आमच्या घरात कुणालाच कसं सुचलं नाही? आणि मला, चार इयत्ता शिकलेल्याला, का सुचलं नाही?

त्यांची बैलगाडी रानात गेलेली. आबा म्हणाले, दुपारची रेल्वे गाठा. मग पूर्णेच्या वाटेवर पुढं दाजी, मधे मावशी, मागं मी. दोन कोस मी मागून सांगत होतो की आक्का बरी आहे, आणि दर वेळी मावशींचा हुंदका मोठा होत होता. गाडीत अनोळखी बायकांनी त्यांना मधे बसवून घेतलं आणि त्यांच्याबरोबर रडायला लागल्या. तिकीट बघणारा आला, त्यानं आम्हाला बघितलं आणि तिकीट न मागता पुढं गेला. पूल आला तेव्हा मला खाली बाभळीवर माझा पटका फडफडताना दिसला. मी उठून उभा राहिलो, बोट दाखवून म्हणालो, "बगा मावशी, त्यो बगा माझा पटका!" एवढा धडधडीत पुरावा! पण कुणी बघायला तयारच नाही. समोरच्या म्हाताऱ्या बाईनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

पिंगळीहून आमच्या गावाला पोचलो तेव्हा दिवस बराच कलला होता. सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब नाही. वेशीजवळच आमच्या गावचा आड आहे. तो दिसला आणि माझे पाय आपोआप तिकडं वळले. म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, चार पावलांवर तर घर आहे. पोहरा वर ओढला आणि ओंजळीनं घटाघटा प्यायलो. ती माझी त्या दिवसातली शेवटची चूक.

कारण तेवढ्या वेळात इकडं रीतीप्रमाणं मावशींनी गावात शिरता शिरता हेल काढून रडायला सुरुवात केली होती. आई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं काय बघितलं? विहीण रडत येतेय, मागं जावई मान खाली घालून येतोय, आणि सकाळी रेल्वेनं गेलेलं पोरगं त्यांच्यात नाही. आणि पोराला रेल्वेत डोकं बाहेर काढायची खोड! आईच्या हातून सूप गळालं.

मी पाणी पिऊन, तोंड पुसत, जरा बऱ्या मनानं घराच्या कोपऱ्यावर आलो तर काय! दोन्ही विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. मावशी रडतायत, "माझी गोदी गेली." आई रडतेय, "माझा ग्यानबा गेला." दोघींना आपलंच रडू ऐकू येतंय, दुसरीचं येत नाही. वडील दाराच्या चौकटीला धरून खाली बसलेत. दाजी त्यांना धीर देतायत. गल्ली गोळा झाली होती. मी गर्दीच्या मागून म्हणालो, अहो मी हाय की! तर एका बाईनं मागं न बघताच मला गप्प बस म्हणून सांगितलं.

शेवटी बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडलं. कानाला फडकं बांधलेली आक्का बाळ छातीशी धरून बाहेर आली.

"काय झालं?" ती म्हणाली. "कोन गेलं?"

  दाजी पुढं आले आणि त्यांनी बाळाकडं न बघता आधी आक्काचा हात धरला. भर गल्लीत, आईवडलांसमोर! त्या काळात ही केवढी गोष्ट होती म्हणता! मावशींनी तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि पुन्हा दिव्याचं रडू काढलं, माझ्याच पदरानं गं, माझ्याच पदरानं.

"मला ठावं हाय, आत्याबाई," आक्का म्हणाली. "मी तितंच बसले हुते की."

वर्षभर ठाऊक होतं तिला, आणि बोलली नव्हती. त्या दिवसापासून मावशींनी तिला पुन्हा कधी टोचून बोललेलं मी ऐकलं नाही. म्हणजे बघा, माझ्या हातून एक चांगलं काम झालं. पण त्याचं श्रेय मला आजवर कुणी दिलेलं नाही. मावशी बाळाला मांडीवर घेऊन बसल्यावर माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "मेल्या, पानी तरी प्यायचं हुतंस."

आईनं मला आधी जवळ घेतलं आणि मग पाठीत दोन घातले. गाडग्यातली साखर निघाली, सगळ्या गल्लीच्या हातावर चिमूट चिमूट पडली. माझ्याही पडली. ती मी तोंडात टाकणार तेवढ्यात वडील माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या मागं रस्त्यावर बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"बैल कुठाय?" ते म्हणाले.

तुम्ही हसणार नाही म्हणाला होतात.

दुसऱ्या दिवशी, आठव्या माळेला, मला पुन्हा पाठवलं. जावयाला कसं पाठवणार? आणि दाजी तर बाळाजवळून हलायलाच तयार नव्हते. मावशींनी पाचवी पुजूनच जाईन म्हणून पदर खोचला होता. ह्या वेळी मात्र मी पुरता शहाणा झालो होतो. डोक्याला वडलांचा पटका घट्ट बांधला. गाडीत खिडकीपासून लांब बसलो. हातात उरलेल्या साखरेची पुडी घेतली. चेहरा हसरा ठेवायचा, पाणी मागून प्यायचं, आणि सगळी बातमी पहिल्याच दमात सांगून टाकायची असं घोकत घोकत मी दोन कोस चाललो.

लिंबाखाली सटवाजी आबा बसलेलेच होते. मी लांबूनच हात वर केला.

"आबा, सगळं खुशाल हाय! पोरगा झालाय, आक्का ठणठणीत हाय, मावशी मजेत हायत! ही घ्या साखर! आन जरा पानी द्या, लय तहान लागलीय!"

आणि मोठ्यानं हसलो.

आता एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल, जी माझ्या तेव्हा आली नव्हती. दाजी आणि मावशी आमच्याच घरी होते. ह्या गावाला खरं काय ते सांगायला कुणी परत आलंच नव्हतं. गावात आक्का गेलेलीच होती. काल जो भाऊ रडत रडत निरोप घेऊन आला होता, तो आज एकटाच, डोक्यावर भलामोठा पटका बांधून, साखर वाटत, हसत आला होता.

आबांनी साखर घेतली. मला हाताला धरून लिंबाखाली बसवलं. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं ते आधी माझ्या टाळूवर थापलं आणि मग प्यायला दिलं.

"बहिणीचा लय लळा हुता," आबा तिला हळूच म्हणाले. "डोस्कं फिरलंय पोराचं."

मी उठून पवळ्याचं दावं सोडायला गेलो तर चार माणसं आडवी आली. भ्रमिष्टाच्या हाती कुणी बैल देतं का? मी शपथा घेतल्या, ओरडलो, शेवटी चिडून पटका जमिनीवर आपटला. त्यानं तर त्यांची खात्रीच पटली. मग आबा स्वतः मला दंडाला धरून पूर्णेला घेऊन आले, माझ्या शेजारी गाडीत बसले, आणि वाटेत कुणी विचारलं की सांगायचे, काई न्हाई, तब्येत जरा नरम हाय पोराची.

आमच्या दारात आल्यावर आबा अंगणातच थांबले. आत येईनात, टेकेनात. आईनं तांब्या पुढं केला तर हातानंच नको म्हणाले. मग त्यांना ओसरीवर बसलेली आक्का दिसली. मावशी बाळाला तेल लावत होत्या. आबा मटकन जमिनीवर बसले. त्यांच्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा अंदाज चुकला होता. मला म्हणाले, "लेका, तू खरंच बैल न्यायला आला हुतास?"

वडलांनी ह्या कशाकडंच लक्ष दिलं नाही. ते माझ्या मागं रस्त्यावर बघत होते. रस्ता रिकामा होता.

नवव्या माळेला ते स्वतः गेले आणि पवळ्याला घेऊन आले. पण त्या दिवशी खंडेनवमी. तिफणीची पूजा करायची, ती चालवायची नाही. दुसऱ्या दिवशी दसरा. म्हणजे पेरणी झाली ती दसऱ्यानंतरच. मी घरी झोपून राहिलो असतो, दसऱ्याला साखर घेऊन गेलो असतो आणि येताना बैल आणला असता, तर सगळं तेव्हाच झालं असतं, आणि कुणी मेलंही नसतं. त्या साली आमची ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नाही.

नवव्या माळेला वडील निघाले तेव्हा मी म्हणालो होतो, बाबा, मी येऊ का संगं? त्यांनी पायात जोडा चढवला आणि आईला म्हणाले, "ह्याला घरातच ठिव. हा मागं आला, तर म्या बैल घिऊन येईस्तोवर तू कुंकू पुसून बसशील."